टायमिंग, ताई!

आमच्या घरी एक पंखा होता जो बटण दाबल्यावर लगेच फिरायचा नाही. आधी हुंऽऽ करायचा, मग विचारात पडल्यासारखा थांबायचा आणि मग कुठे पहिलं पातं हलायचं. माझा धाकटा भाऊ त्याच्या खाली उभा राहून दोन्ही तळवे समोर धरायचा, गुडघे वाकवून गोल गोल चालायचा आणि तिसऱ्या फेरीला हात वर झटकायचा. बरोब्बर त्या क्षणी पंखा सुरू व्हायला पाहिजे. बटणापाशी मी. म्हणजे त्याचा हात वर जायच्या दीडेक सेकंद आधी मी बटण दाबायचं, आणि तेही चोरून, बघायला घरात कुणी नसलं तरी चोरूनच. चुकलं की तो हात तसाच वर ठेवून मान वळवायचा आणि ओरडायचा, "टायमिंग, ताई!"

तो अकरा वर्षांचा होता आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे पंख्याच्या बटणापाशी लपून उभं राहायचं माझं वय नव्हतं, पण त्या वर्षी आमच्या घरात 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' घुसलं होतं आणि त्याच्यापुढे वयबिय काही चाललं नाही. कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आलेले एपिसोड, फाइलींची नावं उलटीसुलटी, चौथा आधी आणि दुसरा गायब. मी म्हटलं पोरांचं कार्टून आहे, तू बघ, मी अभ्यास करते. तिसऱ्या एपिसोडला वही मिटलेली होती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. निकलोडियनवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ चाललेली ॲनिमेटेड सिरीज, एकूण ६१ एपिसोड, तीन भाग: पाणी, पृथ्वी, अग्नी. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी मिळून उभी केलेली. एक जग आहे, त्यात चार राष्ट्रं, आणि प्रत्येक राष्ट्रात काही माणसं अशी की जी आपापलं तत्त्व हाताच्या हालचालीने वळवू शकतात, कुणी पाणी, कुणी माती, कुणी आग, कुणी वारा. याला म्हणायचं बेंडिंग. चारही जमतं ते फक्त अवताराला, आणि तो मेला की पुढच्या राष्ट्रात परत जन्माला येतो. या खेपेचा अवतार म्हणजे आंग, बारा वर्षांचा टकलू पोरगा, जो जबाबदारीला घाबरून पळाला आणि शंभर वर्षं बर्फात गोठून पडला. तेवढ्यात अग्निराष्ट्राने युद्ध सुरू करून त्याची सगळी माणसं संपवली. त्याला बर्फातून बाहेर काढतात कटारा आणि सोक्का हे दक्षिण ध्रुवावरचे बहीणभाऊ. आणि मागावर असतो झुको, अग्निराष्ट्राचा हाकलून दिलेला राजपुत्र, डाव्या डोळ्यावर भाजल्याचा मोठा डाग, सोबत चहावेडा काका आयरो.

हे सगळं अमेरिकन लोकांनी केलेलं, पण मराठी कानाला त्यात जी मजा होती ती त्यांना स्वप्नातही कळायची नाही. सहा पायांचा उडणारा केसाळ गवा आणि त्याचं नाव अप्पा. खडक फोडणारी आंधळी पोरगी, तिचं नाव तोफ, आणि ती खरंच तोफच. अग्निराष्ट्रातल्या द्वंद्वयुद्धाला म्हणतात 'अग्नी काय', त्यावर आमच्याकडे वर्षभर एकच विनोद चालला, एकाने विचारायचं "अग्नी काय?" आणि दुसऱ्याने म्हणायचं "अग्नी बरा आहे, तुमचं कसं?" दुसऱ्या भागाच्या शेवटी आंगला सात चक्रं उघडायला शिकवणारे गुरू येतात, त्यांचं नाव पथिक, आणि ते कांदा आणि केळ्याचा रस पितात. आम्ही अर्धा तास हसत होतो, पण चक्रांचं जे काय सांगितलंय ते ऐकताना मात्र गप्प.

पण आम्हाला, विशेषतः धाकट्याला, ज्या गोष्टीने धरून ठेवलं ती हालचाल होती. या सिरीजमध्ये कुणीही उगाच हात हलवत नाही. प्रत्येक तत्त्वासाठी त्यांनी खरी चिनी युद्धकला घेतली होती, त्यासाठी सिफू किसू नावाचे जाणकार सल्लागार होते. पाण्याला ताई ची, सगळं वाहतं, घेतलेलं परत देतं. मातीला हुंग गार, पाय रोवून. आगीला उत्तर शाओलिन, झडप घालणारं. वाऱ्याला बाग्वाझांग, ज्यात माणूस गोल गोल चालत समोरच्याला हातच लागू देत नाही. तोफला तर सगळ्यांपेक्षा वेगळी शैली दिलीय, दक्षिणेकडची प्रेइंग मँटिस, कारण ती सगळं पायाच्या तळव्यांनी 'बघते'. हे कुठेतरी वाचल्यापासून धाकटा पंख्याखाली गोल गोल चालायला लागला. त्याच्या आधी तो नुसता हात झटकायचा.

म्हणजे या जगाचा नियम असा होता की अंग हललं तेवढं आणि तसंच जग हलतं. कटारा पहिल्या एपिसोडला भावावर चिडते, तावातावाने हात उडवत भांडते आणि तिच्या नकळत मागचा हिमनग तडकतो. तिला बिचारीला माहीतच नाही मागे काय झालंय. रागाला हात, हाताला पाणी, पाण्याला तडा, आणि त्या तड्यातून अख्खी गोष्ट बाहेर. हा नियम आम्हाला कुणी सांगितला नव्हता, पण पंख्याच्या बटणापाशी उभं राहून तो मला चांगलाच कळला होता.

सिनेमा येतोय हे कळलं तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, आपल्याकडचं नाव, मोठा माणूस. त्यांच्या मुलीला हॅलोविनला कटारा व्हायचं होतं म्हणून त्यांना या सिरीजचा पत्ता लागला, ही गोष्ट वाचून तर मला खात्रीच पटली, कारण आम्हालाही ती अशीच घरातल्या धाकट्याकडून मिळाली होती. पुढे नावातला 'अवतार' गळाला, कारण त्याच सुमारास जेम्स कॅमेरॉनचा निळ्या माणसांचा सिनेमा येत होता. राहिलं नुसतं 'द लास्ट एअरबेंडर'. धाकटा म्हणाला, नावातून अवतार काढला तर उरलं काय? मी म्हटलं अरे नावात काय असतं. हे वाक्य मला नंतर फार महागात पडलं.

२०१० च्या जुलैत सिनेमा आला आणि आम्ही गेलो. थ्रीडी चष्मे लावून. सिनेमा साध्या कॅमेऱ्याने शूट करून नंतर थ्रीडी केलेला, त्यामुळे पडद्यावर कायम संध्याकाळचे सात वाजल्यासारखा उजेड. पण सुरुवातीला चार तत्त्वांच्या सावल्या हलल्या, संगीत वर चढलं आणि धाकट्याने माझं मनगट धरलं. तेवढी दोन मिनिटं मी आजही त्या सिनेमाला माफ करते.

मग माणसं बोलायला लागली. आणि पहिल्यांदा जेव्हा कुणीतरी 'ऑंग' म्हणालं तेव्हा मला वाटलं थिएटरचा साउंड बिघडलाय. आंग नाही, ऑंग. सोक्काचा झाला सोका. आयरोकाकांचे ईरो. कारण असं सांगितलं गेलं की ही नावं आशियाई आहेत, तर आशियाई पद्धतीनेच उच्चारायची. तत्त्व म्हणून ऐकलं तर बरोबर वाटतं. आता गंमत बघा, सिरीजमध्ये सगळे 'ॲवटार' म्हणतात, इंग्रजी ढंगाने, आणि सिनेमात म्हणतात त्याच्या जवळपास 'अवतार', म्हणजे आपल्यासारखं, म्हणजे बरोबर! आणि मी, जिने आयुष्यभर अवतार हा शब्द नीटच उच्चारलाय, "काय अवतार करून आलीस" हे आईच्या तोंडून रोज ऐकलंय, ती मी तो शब्द बरोबर ऐकून वैतागत होते. तीन वर्षं ज्या पोराला आपण एका नावाने ओळखतो त्याला एक दिवस कुणीतरी परकं माणूस येऊन सांगतं की तुमचं चुकतंय, याचं खरं नाव हे. असेल बाबा. पण हाक मारल्यावर तो वळून बघतो का ते महत्त्वाचं ना.

तरी बसलो. कैद्यांचा सीन येईपर्यंत बसलो.

हा सीन आधी सिरीजमध्ये कसा होता ते सांगते, पहिल्या भागातला सहावा एपिसोड. अग्निराष्ट्राने माती वळवणाऱ्या लोकांना पकडून समुद्राच्या मध्यावर, पूर्ण धातूच्या एका प्लॅटफॉर्मवर ठेवलंय. आसपास मैलोन्‌मैल पाणी, पायाखाली लोखंड, मूठभर मातीसुद्धा नाही. म्हणूनच ती कैद आहे. कटारा मुद्दाम पकडली जाते, तिथे पोचते, एका उंचवट्यावर चढून मोठं भाषण ठोकते, उठा, लढा, आशा सोडू नका. आणि कुणीही उठत नाही. एकही माणूस नाही. सगळे मान खाली घालून पुन्हा आपापल्या वाडग्यात बघायला लागतात. मुलांच्या कार्टूनमध्ये मी हे पहिल्यांदा बघितलं, की चांगलं भाषण करूनही काही होत नाही. मग ती मंडळी डोकं चालवतात, तिथल्या भट्ट्यांसाठी साठवलेला कोळसा हवेच्या झोतावर वर काढतात, कोळसा म्हणजे पण मातीच की, आणि तो काळा ढीग समोर पडल्यावरसुद्धा लोक लगेच पुढे येत नाहीत. इतके ते खचलेत. वॉर्डन कुचेष्टेने हसतो, पाठ फिरवतो, आणि मग त्याच्या डोक्यात मागून एक कोळशाचा तुकडा बसतो. एवढासा. तिथून सगळं पेटतं.

सिनेमात हे कैदी एका दरीत आहेत. डोंगर, दगड, पायाखाली भरपूर माती. हो. माती वळवणाऱ्यांचा तुरुंग मातीत. ऑंग येतो आणि त्यांना सांगतो की अरे तुमच्या पायाखाली माती आहे, तुम्ही केवढे शूर. हे ऐकून त्यांना ते आठवतं. आणि मग पाच-सहा जण ओळीत उभे राहून धाडधाड पाय आपटतात, हात फिरवतात, वळतात, परत आपटतात, एवढा मोठा नाच बसवलेला, आणि या सगळ्याचा परिणाम म्हणून पडद्याच्या एका कडेने एक दगड, साधारण दोन हातांत मावेल एवढा, तरंगत तरंगत, जरा घाई नाही अशा बेताने, पुढे जातो.

अंधारात माझ्या कानाशी आवाज आला, अगदी हळू, "टायमिंग, ताई."

मी इतकी हसले की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. धाकटा हसत नव्हता. तेरा वर्षांचा झाला होता, आवाज फुटायला लागला होता, हातातला चष्मा घडी घालून मांडीवर ठेवला होता आणि नुसता पडद्याकडे बघत होता. मग मलाही हसू येईना.

सिनेमा वाईट आहे हे जगाने लगेच सांगून टाकलं, त्यात मी नवीन काही घालत नाहीये. १५ कोटी डॉलर खर्चून केलेला, जगभरात ३१ कोटींच्या वर कमावले, म्हणजे लोकांनी बघितला, आणि पुढच्या वर्षी पाच रॅझी मिळाले, म्हणजे सगळ्यांत वाईट कामासाठी चिडवायला देतात ती बक्षिसं, त्यात सर्वांत वाईट सिनेमाचा पण होता आणि थ्रीडीच्या गैरवापरासाठी एक खास वेगळा. तीन सिनेमे करायचे ठरले होते, पुढचे दोन आलेच नाहीत. फॅन लोकांनी तर वेगळाच मार्ग काढला. सिरीजमध्ये बा सिंग से नावाचं प्रचंड मोठं शहर आहे जिथे युद्धाचं नाव काढायला बंदी आहे, सगळ्यांनी गोड हसून म्हणायचं "बा सिंग से मध्ये युद्ध नाही". त्यावरून फॅन म्हणायला लागले, "बा सिंग से मध्ये सिनेमा नाही." विषय संपला. मला हा विनोद आवडतो पण मला तसं करता येत नाही. आपल्या आवडीच्या गोष्टीचं कुणी वाटोळं केलं की मला ते परत परत बघावंसं वाटतं, नक्की कुठे मोडलं ते शोधायला. त्यामुळे मी तो सिनेमा एकूण चार वेळा बघितलाय. धाकटा म्हणतो हा आजार आहे.

सगळे म्हणतात वेळ नव्हता. खरंय, पहिल्या भागाचे २० एपिसोड म्हणजे साधारण साडेसात तासांचा ऐवज, तो १०३ मिनिटांत कोंबला. पण वेळ कमी असला की माणूस निवडतो, आणि काय निवडलं ते बघण्यासारखं आहे. घटना जवळपास सगळ्या ठेवल्या. फक्त त्या घडवल्या नाहीत, सांगितल्या. उत्तर ध्रुवावर सोक्का आणि राजकन्या युए प्रेमात पडतात, आणि हे आपल्याला कसं कळतं, तर कटाराचा आवाज येतो की माझा भाऊ आणि राजकन्या यांची लगेच मैत्री झाली. झाली बुवा. पुढे ती पोरगी चंद्राला वाचवायला जीव देते आणि सोक्का रडतो, आणि मी तिथे बसून विचार करतेय की तुम्ही एकमेकांशी काही बोलल्याचं मला तर आठवत नाही. पंखा फिरतोय, हात कुणीच हलवलेला नाही.

झुकोचं तर फारच लागलं मला. त्याच्या डागाची गोष्ट सिनेमात अशी येते: झुको बाहेर कुठेतरी बसलाय, जवळच्या एका लहान मुलाला बोलावतो आणि म्हणतो, सांग रे, राजपुत्राबद्दल तुला काय माहितीये. तो मुलगा पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणून दाखवतो. देव पटेल त्या कामात जीव ओतत होता, हे मी पहिल्या वेळीही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, डोळ्यांत राग खरा होता त्याच्या. पण त्याला दिलेलं काम काय, तर आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेणं.

सिरीजमध्ये हाच प्रसंग 'द स्टॉर्म' नावाच्या बाराव्या एपिसोडला येतो. झुको आपल्या जहाजावरच्या लोकांशी इतका वाईट वागतो की एक अधिकारी त्याच्या अंगावर जायच्या बेतात असतो. रात्री खाली, शेकोटीभोवती, आयरोकाका त्या अधिकाऱ्याला सांगतात. तेरा वर्षांचा झुको हट्टाने युद्धाच्या बैठकीत शिरतो. एक सेनापती म्हणतो, नव्या भरतीच्या पोरांची तुकडी पुढे मरायला पाठवू, शत्रू गुंतेल, आपण मागून मारू. झुको उठून म्हणतो, हे आपले लोक आहेत, असं कसं करता? बरोबर बोलतो, पण बोलायची जागा नसते. शिक्षा म्हणून अग्नी काय. त्याला वाटतं त्या म्हाताऱ्या सेनापतीशीच लढायचंय, म्हणून तो ताठ उभा असतो, अंगावरचं वस्त्र मागे टाकतो, वळतो, आणि समोर बाप.

तो लढत नाही. गुडघ्यावर येतो, रडतो, माफी मागतो. बाप चालत चालत जवळ येतो. आणि आग आपल्याला दाखवतच नाहीत. गर्दीतले चेहरे दाखवतात. एक बाई... नाही, त्याची बहीणच ती, हसतेय, मूठ आवळून. काका मान फिरवतात. किंकाळी ऐकू येते फक्त. मग परत शेकोटी, आणि तो अधिकारी हळूच म्हणतो की मला इतके दिवस वाटत होतं सरावात भाजलं असेल. त्यानंतर खरं वादळ येतं, आणि आंग झुकोच्या अगदी टप्प्यात असतो, तीन वर्षं ज्याच्यासाठी समुद्र पालथा घातला तो, आणि झुको म्हणतो जाऊ दे त्याला, आधी जहाज सुखरूप न्या. त्याच लोकांसाठी, ज्यांच्यावर सकाळी खेकसला होता. कुणी येऊन आपल्याला सांगत नाही की बघा, हा तोच मुलगा आहे जो बैठकीत उठून उभा राहिला होता. आपलं आपल्याला कळतं, आणि तो अधिकारी त्याच्याकडे बघतो त्यातून त्यालाही कळलंय हे कळतं. तेवीस मिनिटं. म्हणजे वेळ नव्हता हे कारण मला पूर्ण पटत नाही ते यामुळे.

थिएटरमधून बाहेर पडल्यावर धाकट्याने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. त्याने विचारलं, "ताई, आपण फायर नेशन का?" कारण सिनेमात आंग, कटारा, सोक्का तिघेही गोरे. कटाराचं आख्खं गाव ध्रुवाकडच्या लोकांच्या तोंडवळ्याचं, मध्ये हे दोघं आणि त्यांची आजी तेवढे गोरे. आणि आपल्यासारखे दिसणारे जेवढे होते, देव पटेल, आसिफ मांडवी, ते सगळे दुसऱ्यांची गावं जाळणाऱ्या बाजूला. याच्यावर सिनेमा यायच्या कितीतरी आधीपासून फॅन लोकांनी पत्रं लिहिली होती, मोहीम काढली होती, 'रेसबेंडिंग', म्हणजे पात्रांचा वंशच वळवणं, हा शब्दच त्यातून आला. मला ते सगळं वाचून माहीत होतं आणि मी म्हणायचे काम चांगलं केलं तर काय फरक पडतो. मला काय फरक पडणार होता, मी मोठी होते. तो मात्र तीन वर्षं पंख्याखाली आंग होत होता.

मी त्याला म्हटलं, झुको शेवटी चांगला होतो ना. तो म्हणाला, "ते तिसऱ्या भागात. तो येणार नाहीये आता." बरोबर होतं त्याचं.

एक गोष्ट मात्र अशी आहे की ती आठवली की मला राग राहत नाही, नुसतं आश्चर्य वाटतं. सिरीजच्या अगदी शेवटाजवळ, २००८ च्या १८ जुलैला, म्हणजे अखेरच्या एपिसोडांच्या आदल्याच दिवशी एक एपिसोड दाखवला होता, 'द एम्बर आयलंड प्लेयर्स'. त्यात ही सगळी पोरं एका बेटावर लपलेली असतात आणि कळतं की गावात आपल्यावरच नाटक लागलंय. जातात बघायला. आणि नाटक भयंकर असतं. कटारा दर दोन वाक्यांनी आशेवर भाषण देत रडते. सोक्काचे विनोद इतके पाणचट की खरा सोक्का मध्यंतरात मागे जाऊन नटाला नवे विनोद देऊन येतो. आंगचं काम एक बाई करते, आंगचा चेहरा बघण्यासारखा होतो. तोफचं काम एक दांडगा पुरुष करतो आणि तोफ एकटी खूश. बाहेर एक लहान मुलगा खऱ्या झुकोला सांगतो की तुझा वेश चांगलाय पण डाग चुकीच्या बाजूला लावलायस. शेवटी सगळे हिरमुसून बाहेर पडतात, नाटक काही चांगलं नव्हतं यावर सगळ्यांचं एकमत, आणि सोक्का म्हणतो, पण इफेक्ट्स बरे होते.

सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी! आम्ही घरी येऊन त्याच रात्री तो एपिसोड परत लावला. मी मुद्दामच लावला खरं तर, धाकट्याचा चेहरा बघवत नव्हता. डागाच्या सीनला तो पहिल्यांदा हसला. आणि इफेक्ट्सच्या वाक्याला आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण इफेक्ट्सही बरे नव्हते. बर्फाचे काही सीन मात्र ग्रीनलंडला जाऊन खऱ्या बर्फात शूट केलेत, ते सुंदर आहेत. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत मी अजूनही ऐकते, शेवटी आंग भलीमोठी लाट उभी करतो तेव्हाचा तुकडा तर डोळे मिटून ऐकला की वाटतं केवढा चांगला सिनेमा असेल. डोळे मिटूनच.

पण जे खरं राहून राहून आठवतं ते सिनेमात नव्हतंच. तिसरा एपिसोड, ज्याला मी वही मिटली. आंग या दोघांना घेऊन आपल्या जुन्या मठात जातो. शंभर वर्षं झाली हे त्याला ऐकून माहितीये पण आत पोचलेलं नाही, तो उड्या मारत दाखवत सुटलाय, इथे आम्ही खेळायचो, इथे माझे गुरू केक भाजायचे. मागून चालणाऱ्या कटारा-सोक्काला एका कोपऱ्यात बर्फात अर्धवट रुतलेलं अग्निराष्ट्राच्या सैनिकाचं शिरस्त्राण दिसतं. म्हणजे ते इथपर्यंत आले होते. कटारा म्हणते त्याला सांगायला हवं, आणि हाक मारते, आंग, इकडे ये, काहीतरी बघायचंय. तो धावत येतो. हसत. ती त्याच्या तोंडाकडे बघते, आणि हाताची एक छोटीशी हालचाल करते, वरचा बर्फ धप्पकन खाली, शिरस्त्राण गाडलं जातं, थोडा सोक्काच्या डोक्यावर. काय होतं, आंग विचारतो. काही नाही, ती म्हणते, पाण्याचा नवा प्रकार शिकलेय तो दाखवत होते.

तो खूश होऊन पुढे पळतो. सोक्का बहिणीला म्हणतो, किती दिवस लपवणार आहेस?

मी तेव्हा शेजारी बघितलं तर माझा भाऊ तोंडात बोट घालून बसला होता आणि त्याला कळलं होतं. ती खोटं बोलली हे पण, आणि का बोलली हे पण. मी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. सिनेमात मठ आहे, हाडं आहेत, दुःख आहे, सगळं पटापट आहे. शिरस्त्राणावर टाकलेला बर्फ नाही.

आता तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो. २०२४ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर नवी सिरीज आली, खऱ्या माणसांची, आठ एपिसोडची. मूळचे दोघं निर्माते त्यातून २०२० मध्येच बाहेर पडले होते, त्यामुळे आम्ही आधीच जीव मुठीत धरून होतो. त्याचा मेसेज आला, ताई लावायचं का, एकत्र? फोन चालू ठेवून दोघांनी एकदम प्ले दाबायचं असं ठरलं. बघितले दोन एपिसोड. सिनेमापेक्षा पुष्कळ बरी, नावं नीट घेतात, माणसं त्या त्या मातीतली वाटतात, हालचालीला वजन आहे. पण पुन्हा सगळे आपल्याला काय वाटतंय ते एकमेकांना सांगत बसलेले. दुसरा संपल्यावर फोनवर दोघंही गप्प.

"जुनी लावू?" तो म्हणाला.

"तिसरा," मी म्हटलं.

एक, दोन, तीन म्हणून प्ले दाबलं. पण त्याचं नेट माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळे त्याचं सगळं माझ्या जरा आधी होत होतं. आंग मठात शिरला. कोपरा आला, शिरस्त्राण आलं, कटाराने हाक मारली. माझ्या स्क्रीनवर तिने अजून हात उचललाच नव्हता, आणि फोनमधून बर्फ पडल्याचा धप्प आवाज आला, आणि त्याच्यामागून धाकट्याचं हसू.

"टायमिंग," मी म्हटलं.

"सॉरी ताई, थांब, पॉज करतो."